गुहेतला राक्षस बनवायचाय? आधी तो खातो काय ते ठरवा

क्रिएचर आर्टिस्ट, म्हणजे गेमसाठी काल्पनिक प्राणी घडवणारा कलाकार, व्हायचं तर सुरुवात कुठून करायची असं कॉलेजची मुलं सारखी विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढतेय. मी राहते ठाण्यात, वर्तकनगरला, आणि ट्रान्स हार्बरने रोज ऐरोलीला एका छोट्या गेम स्टुडिओत जाते, सहा वर्षं झाली.

पहिलंच मोठं काम मिळालं ते एका फॅन्टसी गेममधल्या गुहेत राहणाऱ्या शिकारी राक्षसाचं. दोन आठवडे रात्री जागून झेडब्रशमध्ये (कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायचं सॉफ्टवेअर) शिंगं, काटे, दातांच्या चार रांगा, एकेक खवला हाताने काढला. आमच्या टीमच्या लीडने मॉडेल गोल फिरवून बघितलं आणि एवढंच विचारलं, "अगं, हा तिथे खातो काय? आणि एवढी शिंगं घेऊन बोगद्यात वळतो कसा?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं. घरी येऊन रडले, पण तेव्हापासून कुठलंही काम मी याच दोन प्रश्नांनी सुरू करते.

गुहेत ऊन नाही म्हणजे झाडं नाहीत, म्हणजे खाणं जवळपास सगळं बाहेरून येणार, पाण्याबरोबर वाहून नाहीतर वटवाघळांच्या विष्ठेतून. म्हणून कायम आत राहणारे खरे प्राणी छोटे असतात. युरोपातला ओल्म नावाचा सॅलॅमँडर (बेडकांसारखा उभयचर, पण शेपटीवाला) बघा, वीतभर लांब, डोळे कातडीखाली गेलेले, रंग फिका, आणि वर्षानुवर्षं उपाशी राहू शकतो. आपल्याकडे छत्तीसगडच्या कोटमसर गुहेतही आंधळे मासे आहेत. मग बैलाएवढा राक्षस तिथे जगेल कसा? एक तर तो रात्री बाहेर पडून शिकार ओढून आणणारा हवा, बिबट्यासारखा, मग डोळे मोठे आणि अंधारात चमकणारे पाहिजेत आणि गुहेच्या तोंडाशी हाडं पडलेली. नाहीतर कायमचा आतला, मग डोळेच नकोत, लांब मिशा, संथ हालचाल, महिनोन्महिने न खाता वाट चुकून आलेल्याची वाट बघत बसणारा. मला हा दुसरा जास्त भीतीदायक वाटतो. दोन्हींची खिचडी केली की प्राणी खोटा वाटतो.

निरीक्षणाला पैसे लागत नाहीत. आमच्या सोसायटीच्या भिंतीवर एक मांजर कबुतरासाठी दबा धरते तेव्हा तिचे खांदे आळीपाळीने पाठीच्याही वर येतात आणि डोकं मात्र एका रेषेत पुढे सरकतं, जरासुद्धा हलत नाही. ते मी मोबाईलवर शूट करून फ्रेम बाय फ्रेम स्केच केलं, नंतरच्या राक्षसाची अख्खी चाल त्यातून आली. कान्हेरीलाही जाऊन या, शंभराहून जास्त लेणी आहेत, आतल्या खोलीत उभं राहून दारातला उजेड किती पावलांवर संपतो ते मोजा. फक्त ती बसाल्टमध्ये माणसांनी कोरलेली आहेत, छताला लटकणारे दगडी सुळके हवे असतील तर ते चुनखडीच्या गुहांमध्ये.

क्लासचं म्हणाल तर मी एका ठिकाणी लाखभर भरले आणि तिथे हाडं-स्नायू एक दिवससुद्धा शिकवले नाहीत, त्यामुळे फी भरायच्या आधी सिलॅबस मागा. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला भरपूर झालं. जबडा आणि खांद्याजवळची टोपोलॉजी, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागावरच्या जाळीची मांडणी, नीट ठेवा, नाहीतर रिगिंगवाल्यांचे, म्हणजे मॉडेल हलवता यावं म्हणून आत सांगाडा बसवणाऱ्यांचे, हाल होतात.

पोर्टफोलिओत दहा राक्षस नकोत, एकच द्या, पण सांगाड्याच्या स्केचसकट आणि आकार कळावा म्हणून शेजारी माणूस उभा करून. आणि पाठवायच्या आधी मॉडेल पूर्ण काळं करून अंगठ्याएवढं लहान करा, तोंड कुठे आणि पाय कुठे ते कळलं नाही तर अजून पाठवू नका.