नवी मुंबईत नवीन आलाय? आधी पत्ता सांगायला शिका

मी मूळचा तासगाव साइडचा, २००९ ला इकडं आलो आणि इथलाच झालो. दर दोन महिन्यांनी गावाकडनं कुणाचा तरी फोन येतोच, दादा ऐरोलीत जॉब लागलाय कुठं राहू, दादा पोरगी नेरुळला कॉलेजला येतीय एरिया कसा हाय. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

सगळ्यात पहिली गोष्ट. नवी मुंबई हे एक गाव आहे असं समजून येऊ नका. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर, पुढं खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे, अशी सगळी वेगवेगळी उपनगरं आहेत आणि सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाषेत त्यांना नोड म्हणतात. आणि गंमत अशी की सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडमध्ये परत एकपासून सुरू होतात. म्हणजे नुसतं 'सेक्टर ११' म्हणालात तर रिक्षावाला तुमच्याकडं बघत बसणार, कुठला सेक्टर ११?

हे मी कसं शिकलो ते ऐका. आल्या आल्या कोपरखैरण्यात मामाकडं राहायचो, मामा वाशीच्या एपीएमसी मार्केटला माथाडी, म्हणजे हमाल. पहिल्या इंटरव्ह्यूचा फोन आला, पत्ता सेक्टर ११, प्लॉट नंबर अमुक. मी म्हटलं वा, हे तर चालत दहा मिनिटांवर. इस्त्रीचा शर्ट घालून कोपरखैरण्याचा अख्खा सेक्टर ११ पालथा घातला, त्या प्लॉटवर रो हाऊस, गॅलरीत एक आजी पापड वाळत घालत होत्या. त्यांनीच विचारलं, बाळा ऑफिस शोधतोयस ना मग ते बेलापूरचं असंल. मग रिक्षा केली, दीडशे रुपये गेले जे तेव्हा माझ्यासाठी लय होते, आणि पोचलो तेव्हा तो साहेब जेवायला गेलेला. नोकरी नाही मिळाली ती. तेव्हापासून पत्ता घेताना चार गोष्टी विचारतो, नोड, सेक्टर, प्लॉट नंबर आणि जवळची खूण. पिनकोड पण बघत जा, ४००७०९ म्हणजे कोपरखैरणे, ४००७०३ वाशी, ४००७०६ नेरुळ, ४००६१४ बेलापूर, आणि ४१० ने सुरू झाला की समजायचं पनवेलच्या बाजूला गेलो.

ही जी पनवेलची बाजू म्हणतोय ना ती कागदपत्रांना लय महत्त्वाची आहे. दिघा ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका आणि जिल्हा ठाणे. खारघर लागलं की जिल्हा रायगड, महापालिका पनवेलची, ती २०१६ ला झाली. म्हणजे उत्पन्नाचा दाखला पाहिजे तर वाशी नेरुळवाल्याला ठाणे तहसील आणि खारघरवाल्याला पनवेल तहसील, आणि बेलापूर सोडलं की पुढचंच स्टेशन खारघर. गाडीचा नंबर पण इकडं एमएच ४३ आणि तिकडं एमएच ४६. माझ्या एका मित्राने खारघरला राहून दोन दिवस सुट्टी टाकून ठाण्याला चकरा मारल्या, कारण त्याला वाटलं नवी मुंबई म्हणजे ठाणे जिल्हा.

आता लोकल. हार्बर लाइन सीएसएमटी ते पनवेल, वाशीवरनं जाते. दुसरी ट्रान्स हार्बर, ही ठाण्याहून निघते, ठाण्यात नऊ दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं. इथं नवीन माणूस हमखास फसतो. ठाण्याहून येणारी गाडी तुर्भ्यापर्यंत एकच रस्ता धरते, तिथनं पुढं फाटा आहे, वाशीची गाडी सानपाड्याला वळते आणि पनवेल किंवा नेरुळची गाडी सरळ जुईनगरला जाते. म्हणजे पनवेल गाडीत बसून वाशीची वाट बघत बसाल तर डायरेक्ट नेरुळात जाग येईल. चुकलं वाटलं तर तुर्भ्याला उतरून बदला, जुईनगर गेलं की मग उलटं या. अजून एक, नावांचा घोळ. कोपर हे डोंबिवलीजवळचं सेंट्रलचं स्टेशन, कोपरखैरणे वेगळं. दिवा हे मुंब्र्याच्या पुढचं जंक्शन, आणि ट्रान्स हार्बरवर ठाणे ऐरोलीच्या मधे आहे ते दिघा गाव, हे स्टेशन २०२४ ला सुरू झालं. ऐरोलीत परत दिवा नावाचं गाव आहेच. त्यामुळं फोनवर ऐकलेलं नाव कधी खरं मानू नका, लिहून मागा.

रविवारी घराबाहेर पडताना मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, आहे का बघून निघायचं, नाहीतर पोराबाळांना घेऊन प्लॅटफॉर्मवर बसायची पाळी येते.

कुठं राहायचं? सरळ हिशोब, ऑफिस ज्या लाइनवर त्या लाइनवर. ऐरोली, घणसोली, रबाळे, महापे इकडच्या आयटी कंपन्यांत किंवा एमआयडीसीत असाल तर ऐरोली ते कोपरखैरणे पट्टा बरा. मुंबईत कामाला असाल तर वाशी, सानपाडा, नेरुळ, पण भाडं झेपलं पाहिजे. खारघर मोकळं आहे, डोंगर आहे, सेंट्रल पार्क आहे, पण स्टेशन एका टोकाला आणि वस्ती पसरली पार तळोज्यापर्यंत. २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो झाली, अकरा स्टेशनं, तेव्हापासून आतल्या सेक्टरवाल्यांचं शेअर रिक्षाच्या लाइनीत उभं राहणं जरा कमी झालं. उलवे स्वस्त म्हणून सगळे तिकडं पळतात, एअरपोर्ट जवळ, अटल सेतू जवळ, हे सगळं खरं आहे पण उरण लाइनला गाड्या कमी, टाइमटेबल पाठ करूनच घर सोडायचं.

पाण्याचं विचारल्याशिवाय घर घेऊ नका, भाड्याचं असलं तरी. नवी मुंबई महापालिकेकडं स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूरकडं, त्यामुळं ऐरोली ते बेलापूर पट्ट्यात आम्ही त्या मानाने सुखी. खारघर उलव्याकडं सोसायटीच्या वॉचमनला गुपचूप विचारायचं, एप्रिल मे मध्ये टँकर किती येतात. एजंट सांगणार चोवीस तास पाणी. वॉचमन खरं सांगतो.

आणि गावठाण. प्रत्येक नोडच्या पोटात एक जुनं गाव आहे, कोपरखैरणे गाव, जुहूगाव, दारावे, करावे, दिवाळे. हे शहर उभं राहिलं ते ९५ गावांच्या जमिनीवर, आगरी कोळी लोकांची भातशेती आणि मिठागरं होती इथं. १९८४ च्या जानेवारीत इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर कुठं साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत. आपण बाहेरून आलेले लोक 'सिडकोने बांधलं' म्हणतो आणि मोकळे होतो. तर त्या गावात भाडं स्वस्त मिळतं, मी पण लग्नाआधी तीन वर्षं राहिलो. पण तिथल्या बऱ्याच बिल्डिंगना ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नसते, राहायला चालतं, विकत घ्यायला कर्जाची भानगड होते. भाड्याने घेताना अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर करूनच घ्या, तोंडी काही नको, आणि डिपॉझिट बँकेतनं द्या म्हणजे परत मागताना पुरावा राहतो. माझं पहिलं डिपॉझिट कॅशमध्ये दिलं होतं, त्यातलं निम्मं रंगकामाच्या नावाखाली गेलं, भिंतीला मात्र ब्रश लागला नाही.

मालक आगरी असेल तर त्यांची बोली सुरुवातीला भांडण वाटंल. ळ चा ल होतो, ण चा न होतो, आवाज मोठा, आणि माणसं मनाने लय मोकळी. हळदीला बोलावलं तर जाच. अख्खी गल्ली जेवते आणि स्पीकर रात्रभर, दुसऱ्या दिवशी रजा टाकून ठेवा.

आमच्यासारख्या मटणवाल्या लोकांना मासे कळत नाहीत, पहिल्या वर्षी मी सुरमई म्हणून काय आणलं होतं देवाला माहीत. बेलापूरच्या दिवाळे गावात सकाळी जा, मावशींना सरळ सांगा की मला कळत नाही, तुम्हीच द्या. शहाणपणा करून कल्ले दाबून बघत बसलात तर भाव वाढलाच म्हणून समजा. आधी मांदेली बोंबील खा, जिताडा नंतर, खिसा बघून.

गावची आठवण येते का, तर येते. पण इकडं आपलीच माणसं एवढी आहेत की विचारू नका. दाणा, मसाला, कांदा बटाटा, भाजी, फळं अशी पाच मार्केटं आहेत वाशीच्या एपीएमसीत आणि तिथला माथाडी बहुतेक सातारा सांगलीचा, चैत्रात यात्रा लागल्या की कोपरखैरण्याच्या बिल्डिंगा निम्म्या रिकाम्या. उन्हाळ्यात चटणीची मिरची घ्यायला बायका मसाला मार्केटला जातात, आमची पण जाते, येताना शिंका देत येते. फळ मार्केटात तासगावची द्राक्षं दिसली की मी उगाच भाव विचारतो. आणि वाशीच्या नाट्यगृहाला नाव कुणाचं, तर विष्णुदास भावे, आमच्या सांगलीचे. नाटक बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा पाटी वाचून छाती फुगली होती.

ठाण्याला सुट्टीच्या दिवशी जायचं. ते जुनं शहर, देशातली पहिली पॅसेंजर गाडी १८५३ ला बोरीबंदरहून तिथंच आली. मामलेदारची मिसळ तिखट आहे, मीडियमच सांगा, कोल्हापुरी मिजास दाखवू नका. नंतर तलावपाळीला चक्कर मारून लोकलने परत.

पावसाची तयारी मात्र आपल्या दुष्काळी माणसाला झेपत नाही. कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या बुटाला बुरशी येते, जूनच्या आधी प्लॅस्टिकचे सँडल घ्या. खारघरच्या पांडवकड्याचे रील बघून पळू नका, पावसाळ्यात बहुतेक वेळा बंदी असते आणि तिथं माणसं वाहून गेलीत. त्यापेक्षा हिवाळ्यात आणि पुढं मे पर्यंत नेरुळ सीवूड्सला खाडीकडं जा, फ्लेमिंगो दिसतात फुकटात.

शेवटचं, गावी जायची गाडी. तिकीट काढताना पिकअप विचारतात तेव्हा 'वाशी' एवढंच सांगू नका, परत तीच गत. वाशी हायवे, सानपाडा, नेरुळ एलपी, कोकण भवन, खारघर, कळंबोली मॅकडोनाल्ड, सगळे वेगळे थांबे. शुक्रवारी रात्री सायनकडनं येणारी गाडी तास तास लेट असते, म्हणून मी सरळ कळंबोली घेतो, जेवून निघतो आणि ड्रायव्हरला आधी फोन करतो, दादा कुठं पोचला. तो 'वाशी ब्रिजवर' म्हणाला की समजायचं अजून मानखुर्दलाच आहे.