टॅक्सीचे चार भोंगे : परदेशातल्या ऑर्केस्ट्रात वाजवायला निघालेल्यांसाठी

जर्मनीत मास्टर्स करायला आलो तेव्हा तबला पुण्यातच राहिला, सामानाच्या वजनात तो बसेना. पहिल्याच महिन्यात विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्राची सूचना दिसली: परकशनला, म्हणजे ठोकून वाजवायच्या वाद्यांना, माणसं हवीत, कुठल्याही शाखेचा विद्यार्थी चालेल. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत असे ऑर्केस्ट्रा असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ रिहर्सल, सत्राच्या शेवटी कार्यक्रम. संगीताची पदवी लागत नाही. आपल्याकडून येणाऱ्या मुलांना हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

मी शाळेच्या बँडपथकात साइड ड्रम वाजवला होता आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) सावकाश वाचता येत होतं. ऑडिशनला स्नेअर ड्रम (तोच साइड ड्रम), टिंपनी (सुरात लावायचे मोठे नगारे) आणि झायलोफोन (लाकडी पट्ट्यांचं वाद्य). झायलोफोनसाठी अमेरिकन संगीतकार गर्शविनच्या 'पोर्गी अँड बेस' (1935) या ऑपेराच्या सुरुवातीचा तुकडा आधीच बसवून ठेवा. जगभर परकशनवाल्यांची परीक्षा त्यावर घेतात. मेट्रोनोम (लय मोजून देणारं यंत्र) अर्ध्या वेगावर लावा आणि हात स्वच्छ पडेपर्यंत वेग वाढवू नका. टिंपनीला मात्र तबल्याने हात दिला. हलक्या थापेने सूर तपासायची सवय कानाला होतीच.

त्या सत्रात सगळा कार्यक्रम अमेरिकन संगीताचा होता आणि तोच घेऊन पुढे पोलंडला जायचं होतं. माझ्या वाट्याला गर्शविनच्या 'अॅन अमेरिकन इन पॅरिस'मधले (1928) टॅक्सीचे भोंगे आले. गर्शविनने हे भोंगे खुद्द पॅरिसहून न्यूयॉर्कला आणले होते. स्वरलिपीत त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं आहेत. वर्षानुवर्षं ती अक्षरं म्हणजेच सूर असं धरून भोंगे वाजवले गेले. आता काही अभ्यासक म्हणतात की ती फक्त भोंग्यांची नावं होती, सूर वेगळेच होते. तेव्हा भोंगे भाड्याने आणण्याआधी कंडक्टरला, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या संचालकाला, विचारा, कुठले सूर हवेत.

परकशनचं खरं काम गप्प राहण्याचं आहे. कधी साठ-सत्तर बार (ठरावीक मात्रांचे गट) नुसते मोजायचे आणि मग एक ठोका. तो चुकला तर लपायला जागा नाही. मोजताना प्रत्येक बारची पहिली मात्रा त्या बारच्या क्रमांकाने म्हणा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. आवर्तनं मनात धरणाऱ्याला हे लवकर जमतं. शिवाय आपल्या प्रवेशाआधी कुठलं वाद्य वाजतं ते पेन्सिलीने लिहून ठेवा.

लय मात्र कागदावर सापडली नाही. जॅझच्या अंगाने जाणाऱ्या जागी स्वरलिपीत दोन समान अर्ध्या मात्रा दिसतात, पण वाजवताना पहिली लांबते, दुसरी आखडते. किती, ते कुठेच लिहिलेलं नाही. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्या कंडक्टरने ती जागा गाऊन दाखवली आणि आम्ही गाऊनच उचलली. ठेक्याचं वजन बोलातून शिकलेल्या माणसाला ही पद्धत घरचीच वाटते. अमेरिकन संगीतकार आणि कंडक्टर बर्नस्टाइनच्या 'सिम्फॉनिक डान्सेस'मध्ये (1961) अख्ख्या ऑर्केस्ट्राने 'मॅम्बो!' असं ओरडायचं असतं. पहिल्या दिवशी अर्धे जण कुजबुजलेच. लाज सोडून ओरडा, तोही वादनाचाच भाग आहे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते अमेरिकन संगीतकार फ्लोरेन्स प्राइसच्या पहिल्या सिम्फनीने (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना). शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने ती 1933 मध्ये सादर केली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ती पहिलीच वेळ. तिचा तिसरा भाग 'जुबा' नाचावर आहे. गुलामगिरीत ढोल हिरावले गेल्यावर लोकांनी मांड्या, छाती आणि तळव्यांवर ताल धरला, तो हा नाच. व्हायोलिनवाल्यांची लय जड पडत होती, तेव्हा कंडक्टरने वाद्यं खाली ठेवायला लावली आणि सगळ्यांना मांडीवर ठेका धरायला सांगितलं. पंधरा मिनिटांत वजन बदललं. त्या पंधरा मिनिटांसाठी मी त्या रिहर्सलचा कायमचा ऋणी आहे.

दौऱ्यावर जाताना यजमानांचं काहीतरी सोबत न्याच. 1959 मध्ये बर्नस्टाइन न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन सोव्हिएत संघात गेला, तेव्हा कार्यक्रमांत अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ह्जही होता आणि सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची पाचवी सिम्फनीही. 2008 मध्ये हाच ऑर्केस्ट्रा कंडक्टर लॉरिन माझेलबरोबर उत्तर कोरियात प्याँगयाँगला गेला. तिथे दोन्ही देशांची राष्ट्रगीतं वाजली, 'अॅन अमेरिकन इन पॅरिस' वाजलं आणि शेवट झाला तो 'आरिरांग' या कोरियन लोकगीताने. नुसतं आपलं ऐकवून परत येणं म्हणजे अर्धीच भेट, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही पोलंडला एन्कोअरसाठी (कार्यक्रम संपल्यावरचा जादा तुकडा) माझुर्का हा पोलिश नाच नेला होता. तीन मात्रांचा नाच, पण जोर पहिलीवर नसून दुसरी किंवा तिसरीवर. आम्ही तो सतत पहिलीवर आणत होतो. तिथल्या तालमीत यजमान ऑर्केस्ट्राचा टिंपनीवाला उठून माझ्याशेजारी आला आणि दर वेळी जोराच्या जागी माझ्या खांद्यावर बोट टेकवत राहिला. चौथ्या फेरीला जमलं.

रात्री जेवणाच्या टेबलावर त्याने तबल्याबद्दल विचारलं. मी तीनतालाचे बोल म्हटले, टाळी-खाली दाखवली आणि एक सोपी तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) दिली. दोनदा त्याचा हात समेच्या आधी पडला. मग मी त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं.