बाहेरनं सेकंडहँड होमबिल्ट विमान आणायचं का? पैसे पाठवायच्या आधी एवढं बघा

कोल्हापुरात यंत्राची भीती कुणाला नाही. उद्यमनगरात बसून लोक काय वाट्टेल ते बनवतात, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग कुठं कुठं जातं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि राजाराम महाराजांनी १९३९ ला उजळाईवाडीला विमानतळ सुरू केला ती गोष्ट आपण लहानपणापासनं ऐकतोय. त्यामुळं अमेरिकेतल्या जाहिरातीत आरव्ही-७ किंवा लाँग-ईझी असं कुणीतरी घरी बांधलेलं, म्हणजे होमबिल्ट, छोटं विमान दिसलं, किंमत कारखान्यातल्या नव्या सेसनापेक्षा कितीतरी खाली, की पहिला विचार हाच येतो की इंजिन उघडायला, पत्रा ठोकायला माणसं आहेत, मग कंटेनरमध्ये घालून आणूया की. हौस खरी आहे आणि मला ती मनापासून पटते. पण विमान चांगलं आहे का हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न हा की ते भारतात कुठल्या कागदावर उडणार.

तिकडं घरी बांधलेल्या विमानाला एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, "एक्स्पेरिमेंटल अ‍ॅमॅच्युअर-बिल्ट" म्हणून सर्टिफिकेट देते. अट अशी की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः शिकायला किंवा आवडीपोटी केलेलं पाहिजे, त्यालाच लोक ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. या विमानाला टाइप सर्टिफिकेट नसतं, म्हणजे हे डिझाइन आम्ही तपासून मंजूर केलंय असं कुठल्याच सरकारनं लिहून दिलेलं नसतं. १९४४ च्या शिकागो करारातल्या कलम ३३ प्रमाणं देश एकमेकांचं एअरवर्दिनेस सर्टिफिकेट, म्हणजे विमान उडायला योग्य असल्याचा दाखला, मानतात खरं, पण ते आंतरराष्ट्रीय किमान मानकांत बसणाऱ्या विमानांचं. एक्स्पेरिमेंटल त्यात बसत नाही. विमानाबरोबर आलेला अमेरिकेचा कागद इथं माहिती म्हणून उपयोगी पडेल, उडायची परवानगी म्हणून नाही.

आपल्याकडं अशा बाबतीत काय लागतं ते बघायचं तर कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण समोर आहे. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात सगळ्या देशानं बघितलं, तरी नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला आणि उडायच्या परवानगीसाठी त्यानंतरही थांबावं लागलं. आणि तिथं तर बांधणारा माणूस स्वतः ड्रॉइंग घेऊन समोर उभा होता. तुमच्या विमानाचा बांधणारा अमेरिकेत कुठंतरी असणार, वय झालेलं असणार, किंवा हयातही नसणार.

म्हणून पहिलं काम म्हणजे डीजीसीएला, म्हणजे आपल्याकडच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, लेखी विचारणं. नुसतं "होमबिल्ट आणू का" असं मोघम विचारायचं नाही, तर एकच विशिष्ट विमान धरून: मॉडेल, सिरियल नंबर, बांधल्याचं साल, इंजिन, प्रोपेलर, एफएएच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्सची कॉपी, वजन आणि बॅलन्सचा कागद, लॉगबुकची पानं हे सगळं जोडायचं आणि विचारायचं की व्हीटी नोंदणी, म्हणजे भारतातली नोंदणी, होईल का, कुठल्या प्रकारचं परमिट मिळेल, कुठल्या अटींवर, आणि आयातीची परवानगी कशी घ्यायची. आणखी एक विचारा, वर्षाची तपासणी करून सही कोण करणार. अमेरिकेत बांधणाऱ्याला त्याच विमानाच्या तपासणीसाठी रिपेअरमन सर्टिफिकेट मिळतं पण ते त्या माणसाचं असतं, विमान विकलं तरी नव्या मालकाकडं येत नाही, त्याला तिथंसुद्धा लायसन्सवाला मेकॅनिक शोधावा लागतो. इथं तुम्हाला सही करायला तयार असलेला एएमई, म्हणजे लायसन्सवाला विमान देखभाल इंजिनिअर, आधी शोधावा लागेल. एजंट फोनवर "होऊन जाईल साहेब" म्हणाला तर त्यावर एक रुपया पाठवू नका.

पैशाचं थोडक्यात सांगतो. खासगी वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासनं जीएसटी ४० टक्के झालाय, आणि तो विमानाच्या नुसत्या किमतीवर नाही तर जहाजाचं भाडं, विमा आणि कस्टम ड्युटी धरून जी किंमत होते तिच्यावर. किंमत, भाडं आणि विमा मिळून ८० लाख धरले तर एकटा जीएसटी ३२ लाखांच्या वर, कस्टम ड्युटी वेगळी, न्हावाशेवाला कागद अडला तर माल पडून राहिल्याचं डेमरेज वेगळं. स्वस्तातलं विमान इथंच निम्मं महाग होतं.

आता समजा डीजीसीएचं उत्तर होकारार्थी आलं. मग विमान बघायला लागा, पण हे जुनी स्विफ्ट बघितल्यासारखं नाही, कारण एकाच मॉडेलची दोन होमबिल्ट कधी सारखी नसतात, बांधणाऱ्यानं त्याच्या मनानं बदल केलेले असतात. १२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात लाँग-ईझी पडून गेले. विमान दुसऱ्यानं बांधलेलं, त्यांनी सेकंडहँड घेतलेलं, नुकतंच ताब्यात आलेलं. प्लॅनप्रमाणं पेट्रोलची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायलटच्या दोन पायांच्या मधे पाहिजे होता, बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्याच्या मागं बसवला. तो फिरवायला अंग पूर्ण मागं वळवावं लागायचं, आणि तसं वळताना उजवा पाय आपोआप रडरचं, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचं, पेडल दाबतो. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीनं ही जागा अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत धरली. बांधणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, कॉकपिटमधनं पेट्रोलची लाइन न्यायची नाही असा, पण त्याची शिक्षा पुढच्या माणसाला झाली. म्हणून सीटवर पट्टे बांधून बसा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह, स्विच, ब्रेकर हात लावून बघा, डोळे मिटूनसुद्धा. मूळ प्लॅन शेजारी ठेवून कुठं कुठं बदल केलाय त्याची यादी बांधणाऱ्याकडनं सहीनिशी मागा. बांधतानाचे फोटो आणि बिल्डर्स लॉग नसेल तर माझ्या मते ते विमान सोडून द्यावं, भाव कितीही पाडला तरी.

एन-नंबरवरनं, म्हणजे विमानाच्या अमेरिकन नोंदणी क्रमांकावरनं, एफएएकडनं त्या विमानाची सगळी फाइल मागवता येते, खर्च किरकोळ आहे, आणि एनटीएसबीच्या अपघातांच्या नोंदीतही शोधता येतं. दोन्ही करा. तपासणीसाठी विकणाऱ्याच्या ओळखीचा मेकॅनिक नको, तेच मॉडेल हाताळलेला तिसराच माणूस लावा.

इंजिन लायकमिंग असेल, म्हणजे ओ-३२० नाहीतर ओ-३६०, तर "फक्त ४०० तास चाललंय" ऐकून हुरळून जाऊ नका. वीस वर्षांत ४०० तास म्हणजे ते इंजिन बहुतेक वेळ उभंच होतं, आणि लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट वर असतो, इंजिन उभं राहिलं की तेल खाली उतरतं आणि कॅम कोरडा पडून गंजतो. कंपनीच ओव्हरहॉलसाठी तासांबरोबर १२ वर्षांची मुदत सांगते. ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडून बघा, चमकणारे कण दिसतात का. सिलिंडरमध्ये बोरस्कोप, म्हणजे आतलं बघायचा बारीक कॅमेरा, घालायला लावा, आणि शंका आली तर एक सिलिंडर उतरवून कॅमचे लोब डोळ्यांनी बघा. विकणारा याला नाही म्हणाला तर ते पण एक उत्तरच आहे.

पेट्रोलचं तर बरेच जण विचारातच घेत नाहीत. रोटॅक्स ९१२ हे इंजिन गाडीच्या पेट्रोलवर चालतं म्हणून लोकांना आवडतं, पण कंपनीची मर्यादा १० टक्के इथेनॉलची आहे आणि आपल्या पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. होमबिल्टच्या टाकीला आतनं कुठलं सीलंट लावलंय, नळ्या कसल्या आहेत ते बांधणाऱ्यालाच माहीत, इथेनॉलनं त्या मऊ पडू शकतात. मग उरतं अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल. इंडियन ऑइलनं २०२२ ला देशात बनवलेलं १००एलएल जातीचं अ‍ॅव्हगॅस बाजारात आणलंय, पण उजळाईवाडीला येणाऱ्या प्रवासी विमानांना टर्बाइनचं इंधन लागतं, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. तुमचे ड्रम कुठनं येणार आणि कुठल्या परवानगीनं कुठं ठेवणार हे आधीच ठरलेलं पाहिजे.

मग आपला उन्हाळा. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासनं साधारण २००० फुटांवर. तिथं प्रमाण तापमान ११ अंश धरतात, एप्रिलच्या दुपारी ३८ असेल तर फरक २७ अंशांचा, अंशामागं १२० फूट धरले की विमानाला वाटतं ते ५२०० फुटांवर उभं आहे. टेकऑफ लांबतो, चढ मंदावतो. थंड राज्यात उडालेल्या विमानाचं सिलिंडरचं तापमान तिथं ठीक असेलही, इथं चढतानाच लाल रेषेकडं जाईल. इंजिन मॉनिटर असेल तर त्यांच्या भर उन्हाळ्यातल्या फ्लाइटचा डेटा मागून घ्या. फायबरग्लासचं विमान पांढरं सोडून दुसऱ्या रंगात असेल तर नको, लाँग-ईझीचं डिझाइन करणाऱ्या रुटानच्या प्लॅनमध्येच पांढरा रंग सांगितलाय कारण उन्हानं रेझिन मऊ होतं. लाकडी असेल तर आपल्या पावसाळ्यात बंद हँगरशिवाय विषयच काढू नका. हँगरची जागा विमानतळ प्राधिकरणाकडं लेखी विचारून ठेवा, जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली विमान ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

माझं मत सांगायचं तर लायसन्स आहे आणि उडायचंच आहे त्यानं टाइप सर्टिफिकेट असलेलं जुनं सेसना १५२ किंवा १७२ चौघांत मिळून बघावं, नाहीतर धुळे-बारामतीसारख्या ठिकाणी तास भाड्यानं घ्यावेत. आणि ज्याला हातानं काम करायची ओढ आहे, म्हणजे आपल्याकडची बरीच पोरं, त्यानं दुसऱ्यानं बांधलेलं आणण्यापेक्षा किट आणून स्वतः बांधावं. कागदाची लढाई त्यातही आहेच, पण प्रत्येक रिव्हेट कुणी मारला ते तुम्हाला माहीत असेल आणि अधिकाऱ्यानं विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही स्वतः उभे असाल. आरव्हीचं शेपटाचं किट वेगळं मिळतं आणि सुरुवात त्याचीच असते. तेवढंच आधी मागवा, आणि मागवायच्या आधी डीजीसीएला पत्र टाका की बांधकामाची तपासणी कुठल्या कुठल्या टप्प्यावर करून घ्यायची, कारण एकदा पत्रा बंद केला की आतलं कुणाला दाखवता येत नाही.