नवा पिकअप घेण्याआधी: इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनो, या चुका टाळा

गणपती जवळ आले की कुडाळ-सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंत ऑर्केस्ट्रात वाजवणारी मुलं एकच विचारतात: गिटारला कुठला पिकअप घालू? आवाज पातळ येतो, गुणगुण थांबत नाही, लीड वाजवली तर बाकीच्या वाद्यांत बुडून जाते. पिकअप म्हणजे तारांखालचा चुंबक आणि वायरच्या वेढ्यांचा (कॉइलचा) भाग, तारेची थरथर सिग्नल बनवून अँपकडे पाठवणारा. त्याने आवाज बदलतो, अगदी ओळखू येण्याइतका बदलतो. पण तक्रारीचं मूळ न शोधता पैसे घातले, तर नव्या पिकअपमधूनही तीच तक्रार ऐकू येते.

उंची न बघता पिकअपला नावं ठेवणं

यात एक पैसा खर्च नाही, तरी सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. स्ट्रॅटसारख्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर घडणीच्या) गिटारवर तार शेवटच्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या शेवटच्या धातूच्या पट्टीला, दाबून धरा आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पिकअपच्या चुंबकापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. जाड तारेखाली साधारण २ मिमी आणि बारीक तारेखाली दीड मिमीच्या आसपास ठेवून सुरुवात करा. सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) याहून फार वर आला की चुंबक तारेलाच ओढू लागतो. मग जाड तार वरच्या फ्रेटवर वाजवली की सुरात विचित्र थरथर येते, ट्यूनर बरोबर दाखवत असूनही कानाला बेसूर लागतं आणि सूर लवकर विझतो. पुष्कळजण याचा दोष मानेला देतात. स्क्रू अर्धा फेरा फिरवा, वाजवा, ऐका, मग पुढचा अर्धा. हमबकरची (दोन कॉइलच्या पिकअपची) ओढ सहसा कमी असते, त्यामुळे तो थोडा जवळ चालतो.

गुणगुण आली की लगेच हमबकर घेणं

सिंगल कॉइल आजूबाजूच्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची गुणगुण पकडणारच, तो त्याचा स्वभाव आहे. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावरच उपाय काढला: दोन कॉइल उलट गुंडाळायच्या आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे. गुणगुण एकमेकींत कटते, तारांचा आवाज मात्र जमा होतो. पण त्याबरोबर सिंगल कॉइलचा तो काचेसारखा वरचा आवाजही बराच जातो. तो आवाज तुम्हाला नको असेल तरच हा सौदा करा.

आधी तपास करा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंगची जोडणी ठीक आहे. गिटारच्या पोकळीत तांब्याची चिकट पट्टी लावून ती अर्थला जोडली की बराच फरक पडतो. तारांना हात लावून काहीच होत नाही, पण केबलच्या जॅकच्या धातूला लावल्यावर आवाज खाली येतो, तर ब्रिजकडे जाणारी वायर तुटली आहे किंवा तिचा जोड गंजला आहे. मखराच्या रोषणाईचे डिमर आणि स्वस्त एलईडी माळाही खरखर घालतात. त्या बंद करून ऐका, किंवा जागेवरच थोडं वळून उभे राहा. सिंगल कॉइलचा आवाज दिशेप्रमाणे कमी-जास्त होतो.

आणि कृपा करून गुणगुण घालवायला अँपची तिसरी (अर्थची) पिन काढू नका. गिटारच्या तारा केबलमधून थेट अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. भाद्रपदात मांडवाखालची जमीन ओली, पाय ओले आणि बोर्डात २३० व्होल्ट. तारांना किंवा माइकला हात लावताना झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि वायरमनला बोलवा.

ओहम बघून ताकद ठरवणं

सात-आठ किलोओहम रोधाच्या पिकअपपेक्षा पंधराचा दुप्पट जोरात वाजेल, असं नाही. बारीक वायर वापरली तरी ओहम वाढतात. चुंबक कुठला, वेढे किती, यावर खरा आवाज ठरतो. अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा चुंबक) २ मऊ लागतो, अल्निको ५ जास्त धारदार. सिरॅमिक बहुतेक वेळा जोरदार पिकअपमध्ये असतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो: २० अंशांना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप ३० अंशांना ८.३ दाखवेल. आपल्याकडच्या मे महिन्यात आकडा जास्त आला म्हणून माल खोटा ठरत नाही.

पॉटकडेही बघा, म्हणजे आवाजाच्या आणि टोनच्या बटणाखालच्या बदलत्या रोधाकडे. हमबकरला सहसा ५०० किलोओहमचा आणि सिंगल कॉइलला २५० चा पॉट लावतात. हमबकर घालून जुना २५० चाच ठेवला की आवाज झाकोळतो आणि शिव्या पिकअपला पडतात. स्टेजवरच्या लांबलचक केबलनेही वरचा आवाज असाच गिळला जातो.

वायरचे रंग अंदाजाने जोडणं

चार वायरच्या हमबकरमध्ये सेमोर डंकन कंपनीची गरम (सिग्नल नेणारी) वायर काळी असते, डिमार्झिओ कंपनीची लाल. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की त्या हमबकरच्या दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडल्या जातात आणि आवाज नाकातून आल्यासारखा पातळ होतो. हा फेजचा घोळ. जुने जोड काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

खारा वारा विसरणं

मालवण, वेंगुर्ल्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत स्क्रू, जॅक आणि पॉट आतून लवकर खराब होतात. आवाज मध्येच गेला तर आधी जॅक हलवून बघा, पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. गंज काढायला तारेची घासणी पिकअपजवळ नेऊ नका. तिचा लोखंडी चुरा चुंबकाला चिकटून कॉइलपर्यंत जातो, आणि तिथली वायर केसाइतकी बारीक असते. फ्रेट घासायचेच असतील तर पिकअपवर आधी मास्किंग टेप लावा. मल्टिमीटरने आकडा न दाखवता जोडणी तुटल्याची खूण (OL किंवा १) दाखवली तरच कॉइल तुटली समजा, आणि मग खुशाल नवा पिकअप मागवा.