चिखलात सेकंडवर उठवण्याची खटपट

पावसाळ्यात चिखलातून उठताना माझी जुनी ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर फर्स्टमध्ये नुसती चाकं फिरवायची, म्हणून ती सेकंडवर उठवायची ठरवली. गिअरबॉक्स टोयोटाच्या ए३४० जातीचा: फर्स्टला फक्त एस१ सोलेनॉइड (गिअर बदलणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) चालू, सेकंडला एस१-एस२ दोन्ही, थर्डला एकटा एस२, ओव्हरड्राइव्हला, म्हणजे चौथ्याला, दोन्ही बंद. म्हणजे फर्स्टमध्ये असताना एस२ला स्विचने १२ व्होल्ट दिले की सेकंडच. मात्र ईसीयूची (गिअर ठरवणाऱ्या कॉम्प्युटरची) वायर आधी रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) तोडायची, नाहीतर करंट उलटा त्यात शिरतो. तोडली, तर ओव्हरड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागला. ईसीयूला सोलेनॉइड सापडेना! मग दोन पोलचा (एकदम दोन सर्किटं बदलणारा) रिले घेतला आणि ईसीयूला फसवायला सोलेनॉइडच्या जागी १५ ओहम, २५ वॉटचा रेझिस्टर जोडला. तो चांगलाच तापतो, पत्र्यावरच बसवा. परवा स्विच बंद करायला विसरलो, एस२ चालूच राहिला आणि हायवेवर चौथा गिअर पडेचना. अर्धा तास गिअरबॉक्सला शिव्या घातल्या.