वकिली सोडून कलादालन उघडताय? या चुका टाळा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये वकिली सोडून समकालीन चित्रांचं दालन सुरू करताना पहिली चूक जागा भाड्याने घेण्याआधीच होते: वकिलीची सनद चालू ठेवून दालनही चालवायचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 47 प्रमाणे वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही. फार तर निष्क्रिय भागीदार राहता येतं, तेही राज्य बार कौन्सिलच्या मते तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधक नसेल तर. म्हणून मूळ सनद जोडून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला व्यवसाय स्थगित करत असल्याचं नोंदणीसह स्पीड पोस्टाने कळवा. त्याआधी चालू दावे मार्गी लावा. दिवाणी दाव्यातलं वकीलपत्र पक्षकाराला फोन करून संपत नाही. त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. कागदपत्रं परत देताना पोच घ्या.

ओटा मोजला नाही

दारावर ‘सर्वांसाठी खुलं’ लिहायचं आणि आत जायला तीन पायऱ्या! बाजारपेठेतल्या गाळ्यांना गटारामुळे उंच ओटा असतो. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण 1:12 हवं. म्हणजे 45 सेंटीमीटर ओट्याला 5.4 मीटर लांब उतार लागतो. तिथे दीड मीटरचा लोखंडी पत्रा टाकला तर खुर्ची मागे घसरते. रस्त्यावर एवढी जागा मिळत नाही, म्हणून गाळा बघायला जातानाच टेप न्या. 15 सेंटीमीटरचा ओटा असेल तर 1.8 मीटरमध्ये भागतं. दार किमान 90 सेंटीमीटर, आत खुर्ची वळायला दीड मीटर मोकळी जागा.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटीमीटरवर ठेवण्याची पद्धत आहे. खुर्चीवरून पाहणाऱ्यांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी 135 बरा. पाट्या मराठीत, 18 पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको.

कूलर

खानदेशात चित्रं बऱ्याचदा कूलरनेच खराब होतात, आणि हे कुणी आधी सांगत नाही. मे महिन्यात बाहेर 45 अंश, हवा कोरडी ठणठणीत. सकाळी कूलर लावला की थोड्या वेळात खोली दमट होते, रात्री बंद केला की पुन्हा कोरडी. कागद रोज फुगतो आणि आकसतो. माउंटला, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती लावलेल्या जाड कागदाला, लाटा येतात, कॅनव्हास सैल पडतो, काचेआड बुरशीचे ठिपके उमटतात. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवायची असते. ती मोजायचं साधं यंत्र स्वस्तात मिळतं, दोन घ्या. संपूर्ण गाळ्याला एसी परवडत नसेल तर एक लहान खोली बंद करून तिथेच एसी लावा आणि जलरंग, छापचित्रं, फोटो तिथे ठेवा. तैलरंग बाहेर चालतील, पण कूलरच्या झोतात आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर नकोत. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले की पावसाळ्यात भिंतीची ओल चित्रापर्यंत पोचत नाही.

माउंटला लाट आलीच, तर फ्रेम उन्हात ठेवू नका. चित्र काढून सपाट ठेवा, सावलीत सावकाश सुकू द्या.

उजेडाचंही तसंच: कागदावरच्या कामाला 50 लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरे, तैलरंगाला 150 ते 200. दुकानाच्या झगझगीत ट्यूबलाइटखाली जलरंग फिके पडतात, आणि ते परत येत नाहीत.

बारा पानी करार

वकिलाची सवय इथे अडचण होते. इंग्रजीतला बारा पानी मसुदा पाहून तरुण चित्रकार सही करतो, पण विश्वास ठेवत नाही. मराठीत दोन पानं पुरतात: चित्राचं नाव, माध्यम, आकार, किंमत, दालनाचा वाटा, नुकसान कुणाचं, चित्र परत कधी, पैसे किती दिवसांत. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मूळ चित्र विकलं म्हणून कॉपीराइट विकला जात नाही, त्यामुळे पोस्टर छापायला वेगळी लेखी परवानगी घ्या. पक्षकाराचे पैसे वेगळे ठेवण्याची सवय मात्र जशीच्या तशी आणा. चित्रकाराचे पैसे भाड्यात वापरले की दालन बुडायला सुरुवात होते. जीएसटी नोंदणीचं पहिल्या विक्रीआधी सीएकडून ठरवून घ्या, कारण वकिली फीची पद्धत इथे लागू नाही.

किंमत लपवू नका. पाटीवर आकडा नसेल तर माणूस विचारायला संकोचतो आणि निघून जातो. दाराशी ‘पाहायला पैसे लागत नाहीत’ असं मोठ्या अक्षरात लिहा. सोमवारी दालन बंद ठेवू नका: त्या दिवशी अजिंठा लेणी बंद असतात, आणि जळगाव स्टेशनवर उतरलेल्या पर्यटकांचा दिवस मोकळा असतो.