रविवारचे अडीच तास, पाच दिवसांचा डबा

सोमवार ते शुक्रवार डब्यात घरचं जेवण हवं, म्हणून बरेच जण रविवारी चार-पाच भाज्या शिजवून फ्रीजमध्ये भरून ठेवतात. बुधवारपर्यंत फ्लॉवरला वास येऊ लागतो, रश्श्यातला बटाटा पिठूळ होतो आणि गुरुवारी जेवण पुन्हा बाहेरून येतं. खरं तर शिजवायला वेळ लागतच नाही. फोडणी घातल्यापासून मटकीची उसळ वीस मिनिटांत तयार होते. वेळ खातं ते निवडणं, सोलणं, चिरणं आणि वाटण. म्हणून रविवारी एवढीच कामं उरकावीत आणि फोडणी रोज सकाळी ताजी घालावी. खालची मापं दोन माणसांच्या डब्याची आहेत.

सुरुवात शनिवारी सकाळी होते. २०० ग्रॅम मटकी निवडून, धुऊन भरपूर पाण्यात आठ तास भिजवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात सहा तास पुरतात आणि मध्ये एकदा पाणी बदलावं लागतं. पाण्यावर फेस दिसला आणि आंबूस वास आला, तर मटकी आंबायला लागली असं समजा. संध्याकाळी चाळणीत उपसून पंधरा मिनिटं निथळू द्या. घाई नडते ती इथेच. पाणी राहिलं की फडक्यात तळाची मटकी चिकट होते, तिला मोड येत नाहीत आणि वास मात्र सगळ्या पुरचुंडीला लागतो. ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात सैल बांधून झाकणाच्या पातेल्यात ठेवा. मुंबईच्या हवेत दहा-बारा तासांत मोड येतात, डिसेंबर-जानेवारीत थोडा जास्त वेळ लागतो. मोड अर्धा सेंटिमीटर झाले की पुरे. फ्रीजमध्ये ठेवताना धुऊ नका. डब्याच्या तळाशी कोरडं फडकं घालून त्यावर पसरा. चार दिवस छान राहते. करताना धुवा आणि पूर्ण शिजवा. उबेत वाढलेले मोड कच्चे खाणं डब्यासाठी योग्य नाही.

वालाची गोष्ट वेगळी आहे. भिजवणं, मोड आणणं, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलणं, यात दोन दिवस जातात. पण सोललेल्या डाळिंब्या फ्रीजरमध्ये उत्तम टिकतात, म्हणून महिन्यातून एकदा अर्धा किलो करून ठेवाव्यात.

भाजी घ्यायला दादर किंवा जवळचा बाजार, शनिवारी संध्याकाळी. पालेभाजीच्या दोनच जुड्या घ्या, त्या सोमवार-मंगळवारी संपवायच्या. मेथी निवडा, पण धुऊ नका; कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. ओल्या पानांची या दमट हवेत दोन दिवसांत लगदी होते. कोथिंबिरीचंही तेच. फरसबी, गवार, तोंडली चिरून तीन-चार दिवस टिकतात. भेंडी धुऊन, पुसून, अख्खीच ठेवा. आधी चिरली तर तार सुटते. वांगी, बटाटा, दुधी आधी चिरूच नयेत, काळे पडतात. लाल भोपळ्याची फोड आणली की बिया आणि मधला तंतूंचा गाभा लगेच खरवडून टाका, बुरशी तिथूनच सुरू होते. कोबी शुक्रवारसाठी अख्खा राहू द्या. पावसाळ्यात टाकळ्यासारखी रानभाजी मिळाली, तर ती आठवड्याच्या हिशोबात धरू नका. ती त्याच दिवशी करायची.

आता वाटण. आठवडा तरतो तो याच्यावर. अर्धा किलो कांदा उभा चिरून तीन चमचे तेलात मध्यम आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं परता, चांगला तपकिरी होईपर्यंत. गुलाबी असतानाच उतरवला तर वाटणाला कच्चट, उग्र वास येतो आणि मग कितीही मसाला घाला, तो जात नाही. १०० ग्रॅम सुकं खोबरं किसून वेगळं भाजा, कारण ते दोन-तीन मिनिटांत होतं आणि कांद्याबरोबर टाकलं तर करपून कडू लागतं. त्याच कढईत दोन चमचे धणे, एक चमचा जिरं, चार-पाच लवंगा कोरड्या भाजा. पंधरा लसूण पाकळ्या आणि दोन इंच आलं घालून, सगळं पूर्ण गार झाल्यावर वाटा. पाणी शक्यतो घालूच नका; मिक्सर अडला तर एखादा चमचा. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा आणि वड्या पिशवीत काढा. दोघांच्या उसळीला दोन वड्या पुरतात आणि त्या महिनाभर राहतात. ट्रे मात्र वेगळा ठेवा, कांद्याचा वास त्यातून जात नाही. ओल्या नारळाचं वाटण फ्रीजमध्ये दोन दिवसांपलीकडे ठेवू नये.

कणीक एका वेळी दोनच दिवसांची. दहा पोळ्यांना सुमारे ३०० ग्रॅम पीठ आणि १८० मिलिलिटर पाणी, म्हणजे दोन दिवसांना याच्या दुप्पट. नेहमीपेक्षा थोडी घट्ट मळा, कारण रात्रभरात ती सैलावते. वरून तेलाचा हात फिरवून डब्यात दाबून भरा. वरचा थर करडा पडतो तो हवा लागल्याने. तेवढ्यावरून टाकायचं कारण नाही. आंबूस वास आला तर मात्र टाका.

तुरीचं वरण साधंच शिजवून ठेवा, फोडणी न घालता, तीन दिवसांपुरतं. रोज लागेल तेवढंच काढून उकळा. सगळं पातेलं पुन्हा पुन्हा गरम करण्यानेच ते बिघडतं. भात रोज लावा. शिजवल्यानंतरही तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात, भात बाहेर कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भाताची फोडणी डब्यात देऊ नये.

शिजलेला कोणताही पदार्थ खोल पातेल्यात गार होत नाही. परातीत किंवा ताटात पसरून पंख्याखाली ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये सरकवा. मे महिन्यात फ्रीज जास्त थंडवर करा, आतलं तापमान पाच अंशांखाली हवं.

सकाळी पोळ्या डब्यात भरण्याआधी जाळीवर पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, नाहीतर एक वाजेपर्यंत खालच्या दोन ओल्या होतात. शुक्रवारी रात्री उरलेलं कोबीचं टोक, वाटणाची एक वडी असं सगळं मसालेभातात जातं आणि फ्रीजचा भाजीचा कप्पा पुसून घेता येतो.